आज उपवास आहे का?

बार्शीत एकादशी कोणाला शिकवावी लागत नाही. अंबरीष राजाच्या व्रतासाठी साक्षात भगवंत जिथं धावून आला असं सांगतात, त्या गावात उपवास विहिरीच्या पाण्यासारखा आपोआप झिरपलेला असतो. प्रमिलाताई नागण्यांच्या तर तो हाडात उतरला होता. लग्न होऊन आल्यापासून त्यांची एकही एकादशी मोडली नव्हती. बाळंतपणात नाही, मालकांच्या आजारपणात नाही, आणि मालक गेले त्या पंधरवड्यातही नाही.

मालकांनी मागं ठेवली होती एक जुनी मेटाडोर, आत बाकडं काढून स्ट्रेचर बसवलेली. तिच्यावर ताईंनी 'अंबरीष रुग्णवाहिका' उभी केली. आता त्यांच्या गाड्या बॅटरीवर, आवाज न करता, स्वतःच्या स्वतः धावत. तरी प्रत्येक गाडीत ताईंनी माणूस ठेवलाच होता. "दारात आलेल्या गाडीत कोणीच नसलं तर घरच्यांचा धीर सुटतो," असं त्या म्हणायच्या. गरिबाला नेलं तर काय देणार हे विचारायचं नाही, हा त्यांचा नेम. कंपनीला जे मिळे त्यातला मोठा वाटा गावातल्या सेवाकार्यांना जाई. त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे मोठ्या दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठीचं अन्नछत्र. ते त्यांची धाकटी जाऊ शालन सांभाळत असे.

शालनला मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला. ती ताईंच्या शेजारच्याच घरात राहायची. अन्नछत्रात जेवायला येणाऱ्या परक्या माणसांना ती "अजून एक घ्या की, लाजताय काय, मी काय तुमची सासू आहे?" असं म्हणून वाढायची. दोघी जावांनी तीस वर्षं एकादशा बरोबरीनं धरल्या होत्या.

मग 'चाहूल' आली.

चाहूल म्हणजे मनगटावर बांधायचा एक पातळ पट्टा. त्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. हृदय एकाएकी बंद पडतं असं आपल्याला वाटतं, पण शरीर त्याच्या कितीतरी आधीपासून कुरकुरत असतं. निरोगी माणसाच्या नाडीचे दोन ठोके कधीच अगदी सारख्या अंतरानं पडत नाहीत. रमतगमत चालणाऱ्याच्या पावलांसारखं ते अंतर थोडं कमीजास्त होत राहतं. संकट जवळ आलं की नाडी घड्याळासारखी एकसुरी होते. घामातले क्षार बदलतात, बोटांकडचं रक्त आत ओढलं जातं, कातडी गार पडते. माणसाला यातलं काही जाणवत नाही, पट्ट्याला जाणवतं. तो यंत्राला कळवतो, यंत्र गाडीला, आणि छातीत कळ यायच्या आत गाडी दारात.

पहिल्या महिन्यात गाडीवरचा माणूस हणमंता एका किराणा दुकानापुढं उतरला तेव्हा दुकानदार गूळ तोलत होता.

"कोण आजारी आहे हो?" दुकानदारानं विचारलं.

"तुम्हीच," हणमंता म्हणाला. "गूळ ऱ्हाऊ द्या, बसा गाडीत."

तो दुकानदार वाचला. गाव पट्ट्यांच्या मागं लागलं. ज्यांना पट्टा परवडत नव्हता त्यांना ताईंनी आणि वसंतअण्णा गुंड यांच्या सेवा मंडळानं मिळून फुकट वाटले, बायकांना आधी. सगळं सुरळीत चाललं, आणि एकादशी आली.

त्या दिवशी दुपारी यंत्र वेडं झालं. निम्मी बार्शी मरायला टेकली आहे असं ते सांगू लागलं. गाड्या गल्लोगल्ली पळाल्या. हणमंता घामाघूम होऊन परत आला.

"ताई, त्या सुताराच्या म्हातारीनं दारातनंच हाकललं मला. म्हनली, मी उपासाला बसलेय मेल्या, मराया न्हाई!"

ताईंना हसू आलं. पण संध्याकाळी ते मावळलं. गावाबाहेर एका बांधकामावरच्या गवंड्याचं हृदय त्याच वेळी खरोखर बंद पडत होतं, आणि त्याच्या वाट्याची गाडी एका उपाशी बाईच्या दारात उभी होती.

यंत्राचं काम बघणारी तब्बसुम मुलाणी. सोलापुरात शिकलेली, बोलायला तिखट, पण ताईंवर जीव असलेली.

"ताई, रमजानमध्येही हेच झालं होतं," ती म्हणाली. "दुपारनंतर आमच्या गल्लीतले सगळेच शेवटच्या घटका मोजताना दिसत होते. तेव्हा कळलं नाही. पोटात पाणी नसलं की रक्त दाटतं, क्षार वाढतात, नाडी एकसुरी होते. उपवास आणि मरण यांची सुरुवात यंत्राला सारखीच दिसते."

"मग विचारूया की," ताई म्हणाल्या. "पट्ट्यातून सकाळी विचारायचं, आज उपवास आहे का? हो म्हणाली तर त्या दिवसापुरतं यंत्रानं तिच्याकडं जरा कानाडोळा करायचा."

"विचारून खरं कळतं का, ताई? आमच्यात रोजा नसताना आहे म्हणणारे थोडे असतात का? माठाच्या आडोशाला पाणी पितात आणि तोंड पुसून बाहेर येतात. माझा मामाच होता तसला."

"रोज्याचं मला माहीत नाही गं," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "एकादशीला बार्शीत कोणी खोटं बोलायचं नाही."

तब्बसुमनं त्यांच्याकडं पाहिलं आणि ती कामाला लागली. गवंड्याचं मढं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं, आणि दुसरा उपाय तिच्याकडंही नव्हता.

यंत्राच्या कोरड्या आवाजाला बायका उत्तर देईनात, म्हणून प्रश्न ताईंच्या आवाजात घातला. सकाळी पूजेच्या वेळेला गावभर मनगटांमधून ताई मऊ आवाजात विचारू लागल्या, "बाई गं, आज उपवास आहे का?" त्यातून ताईंना आणखी एक सुचलं. आपण जे जेवलो नाही ते कोणाच्या तरी पानात पडावं. जेवढ्या बायका हो म्हणतील तेवढी पानं कंपनीनं अन्नछत्राला द्यायची. एक उपवास, एक पान. वसंतअण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी देवळाच्या चौकात मोठा उजळ फलक लावला. हो म्हणणाऱ्या बाईचं नाव त्यावर झळकायचं. थरथरत्या बोटांच्या म्हाताऱ्यांकडून पट्ट्यावर चुकीचं दाबलं जाई, म्हणून मंडळाच्या सेवेकऱ्यांना उत्तर दुरुस्त करायची मुभा दिली. पुढं ताईंनी तो सगळा कारभार, प्रश्न, फलक आणि यंत्रातली ती गाळणी, सेवा म्हणून मंडळाच्या नावे करून दिला. गाड्या ताईंच्या, प्रश्न मंडळाचा. चाहूल आता मंडळाकडून गाळून मगच गाड्यांपर्यंत येई.

याच सुमारास शालनला साखर निघाली. डॉक्टरांनी तिला बजावलं, उपाशी राहायचं नाही. तिनं ते ताईंना हसतहसत सांगितलं.

"अक्का, डॉक्टर म्हणतात एकादशीला सुट्टी द्या. मी म्हटलं, एकादशी काय शाळेतली बाई आहे का रजेचा अर्ज द्यायला?"

"तुझी इच्छा गं," ताई म्हणाल्या. "भगवंत कोणावर रागावत नाही."

ताई जन्मात कोणावर ओरडल्या नव्हत्या. त्यांचा स्वभावच नव्हता तो. त्या फक्त गप्प व्हायच्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या शालनशी बोलल्या नाहीत. तुळशीपाशी दिवा लावताना ती शेजारी येऊन उभी राहिली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढच्या एकादशीला फलकावर शालनचं नाव झळकलं, आणि ताईंनी देवळातनं येताना तिच्या ओंजळीत तुळशीचं पान ठेवलं.

"धरलास ना? मला ठाऊक होतं."

"हो अक्का," शालन म्हणाली. दोघींच्या मनगटांवर सारखे पट्टे होते.

वर्ष गेलं. निर्जला एकादशी आली. ज्येष्ठातली, पाण्याचा थेंबही न घेण्याची, सगळ्यात कडक. पाऊस लांबलेला होता, आणि बार्शीचं ऊन पत्र्यावर भाकरी भाजावी तसं होतं. त्याच दिवशी मंडळानं ताईंच्या नव्या मोफत रुग्णवाहिकेचं लोकार्पण ठरवलं होतं. अन्नछत्राच्या भिंतीला लागून असलेल्या मैदानात मांडव पडला. गाडीला झेंडूच्या माळा, पुढं लाल फीत, आणि प्रमुख पाहुण्यांची वाट. पाहुणे वाटेत कुठंतरी दुसरी फीत कापत होते.

ताई मांडवात बसल्या होत्या. ओठ सुकलेले, मन तृप्त. फलकावर नावांची रांग वाहत होती. इतकी नावं आजवर आली नव्हती. शालनचं नाव जाताना त्यांनी नेहमीप्रमाणं पाहिलं.

अण्णा कानाशी येऊन म्हणाले, "ताई, आज अन्नछत्रात पानांचा डोंगर होणार बघा. शालनवहिनींचे हात दुखतील."

तेवढ्यात अन्नछत्रातली गोदाबाई धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"ताई, चला की बिगीबिगी. शालनवैनी कोठीत बसल्यात आन् उठंनाच झाल्यात."

कोठीत उजेड कमी होता. शालन ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली होती, काम करताकरता दम खायला बसावं तशी. डोळे अर्धे मिटलेले. कपाळाला हात लावला तर गार. आणि तिच्या मांडीवर, पदराखाली अर्धी झाकलेली, भाकरीची चतकोर होती. वर शेंगाचटणी. एक घास मोडलेला होता.

गोदाबाई मागून आत येत होती. ताईंनी झटकन वाकून ती चतकोर उचलली आणि आपल्या निऱ्यांमध्ये खोचली. कशासाठी, हे त्यांना त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, शालनच्या अब्रूसाठी.

"हणमंता!" त्या ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

हणमंतानं लाल फीत छातीनंच तोडली. माळा लावलेली गाडी दवाखान्यात पोहोचली तेव्हा झेंडूच्या पाकळ्या स्ट्रेचरभर सांडल्या होत्या. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

"साखरेच्या माणसाला हृदयविकारात कळही येत नाही, ताई. नुसता थकवा वाटतो, खावंसं वाटतं. हे सकाळपासून चाललं असणार. पट्टा आहे ना यांना? मग चाहूल कशी लागली नाही?"

ताईंना उत्तर ठाऊक होतं. चाहूल लागली होती. मंडळाच्या यंत्रानं ती ऐकली होती, आणि बाई उपाशी आहे म्हणून सोडून दिली होती. गाडी भिंतीपलीकडं उभी होती, पाहुण्यांची वाट बघत.

बार्शीनं शालनला डोक्यावर घेतलं. निर्जला एकादशी, ओठांना पाणी न लावता, अन्नदान करताकरता मरण! असं मरण ऋषीमुनींना मिळत नाही. बायका तिच्या पायांवर डोकं ठेवून गेल्या. "वैकुंठाला गेली हो शालन," म्हणाल्या, "आपल्या नशिबी कुठलं असलं!" ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ती चतकोर अजून निऱ्यांमध्ये होती. चटणीचं तेल लुगड्याला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी द्वादशी, पारण्याची. दारावर गाय आली तेव्हा ताईंनी ती भाकरी तिला घातली. गाईच्या मुखात घास, पुण्यच ते.

तिसऱ्या दिवशी तब्बसुम आली. खाली बसली आणि नेहमीचा तिखटपणा बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, एकच विचारते. काकू खरंच उपाशी होत्या का? उपाशी असतील तर यंत्राचा कानाडोळा थोडा कमी केला की भागेल, तेवढं मंडळ मला करू देईल. पण नसतील तर सगळ्यांचीच 'हो' खोटी धरावी लागतील. प्रश्नच बंद करावा लागेल, आणि ते मंडळाला तुम्हीच पटवू शकता."

ताईंनी तिच्याकडं न बघता उत्तर दिलं. "उपाशी होती."

तब्बसुमनं मान डोलावली. मग पिशवीतून शालनचा पट्टा काढून ताईंच्या हातात ठेवला. "दवाखान्यातनं आणला. शेवटचं उत्तर यात अजून आहे. ऐकणार असाल तर ऐका. बाकीच्या सगळ्या नुसतं बटण दाबतात. काकू बोलायच्या."

ती गेल्यावर ताईंनी पट्टा कानाशी धरला. आधी त्यांचाच आवाज आला, गोड, देवघरातला. "बाई गं, आज उपवास आहे का?"

मग काही नाही. भांड्याचा आवाज. कोणीतरी घेतलेला एक श्वास.

"हो अक्का. आहे."

ताईंनी पुन्हा लावलं. तो मधला श्वास त्यांना ओळखीचा होता. तुळशीपाशी शेजारी उभं राहून, ताई वळून बघतील म्हणून शालन असाच श्वास घेऊन थांबली होती. तीस वर्षांच्या सोबतीत शालनला बाकी कोणाची भीती वाटली नव्हती. सासूची नाही, नवऱ्याची नाही, देवाची तर नाहीच.

दिवसकार्य झाल्यावर मंडळानं चौकात शोकसभा घेतली. अण्णांनी जाहीर केलं की 'एक उपवास, एक पान' या योजनेला शालनवहिनींचं नाव दिलं आहे आणि शेजारच्या तालुक्यांतही ती सुरू होत आहे. टाळ्या झाल्या. मग ताईंना बोलायला उभं केलं.

"शालन उपाशी नव्हती," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून लोक पुढं झुकले. "तिला साखर होती. ती खात होती, आणि मला भिऊन हो म्हणत होती. ती 'हो' म्हणाली म्हणून गाडी आली नाही. तो प्रश्न बंद करा. मी हात जोडते."



"ताई," अण्णा कळवळून म्हणाले, "दुःख फार मोठं आहे तुमचं. बसा तुम्ही."

"भाकरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, अण्णा. तिच्या मांडीवर होती."

"कुठाय मग ती भाकरी?" मागून एक बाई म्हणाली. आवाजात राग होता. "मेलेल्या माणसावर असलं किटाळ घालू नये, ताई. तुमची जाऊ होती ती!"

"गाईला घातली," ताई म्हणाल्या.

कोणीतरी सुस्कारा टाकला. गोदाबाई पुढं आली आणि ताईंना दंडाला धरून खाली बसवत म्हणाली, "म्या होते की वो तिथं. न्हवती भाकरी. म्या बघितलं न्हाई." ती खरंच बोलत होती. तिनं बघितली नव्हती.

तब्बसुम गर्दीच्या कडेला उभी होती. ताईंची आणि तिची नजरानजर झाली. तोंड फिरवून ती चालत गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं काम सोडल्याचं कळलं.

योगिनी एकादशी उजाडली. ताईंनी पहाटे अंघोळ केली, देवपूजा केली, भगवंताला तुळस वाहिली. मग चुलीपाशी बसून ज्वारीची एक भाकरी थापली. तव्यावर ती टम्म फुगली. शालन म्हणायची, "अक्का, तुमची भाकरी फुगते आणि माझी रुसते."

मनगट बोललं. "बाई गं, आज उपवास आहे का?"

आपल्याच आवाजाला उत्तर देणं किती अवघड असतं, हे ताईंना तेव्हा कळलं. त्यांनी श्वास घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आज नाही."

भाकरीचा पहिला घास घशाखाली उतरेना. पारण्याची वेळ टळू नये आणि अतिथीच्या आधी जेवणंही घडू नये म्हणून अंबरीषानं नुसतं पाणी ओठाला लावलं होतं. ताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि घास ढकलला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या नेटानं चावत राहिल्या. आज चौकात सगळ्यांना दिसेल. प्रमिला नागणेचं नाव फलकावर नसेल, आणि मग एखादीला तरी, साखरेच्या, रक्तदाबाच्या, थकलेल्या एखादीला तरी, नाही म्हणायचा धीर येईल. तीन घास झाले तोच फोन वाजला. मंडळातली एक सेवेकरी मुलगी होती, लाघवी, उत्साही.

"ताई, सकाळी सकाळी त्रास देते हं. फलकावर तुमचं नाव दिसेना, म्हणून बायका घाबरून विचारायला लागल्या. तुमच्याकडून चुकून 'नाही' गेलंय बघा. पण काळजी करू नका, मी इथनं दुरुस्त केलंय."

"अगं, चुकून नाही. मी जेवतेय. घास तोंडात आहे माझ्या."

मुलगी खळखळून हसली. "काय ताई, तुम्ही पण! अण्णा म्हणालेच, ताई सध्या असं काहीबाही बोलतात, मनावर घेऊ नका. बघा, आलं सुद्धा तुमचं नाव. सगळ्यात वर घातलंय, शालनवहिनींच्या फोटोखाली. किती छान दिसतंय!"

फोन बंद झाला. पट्ट्यावरचा बारीक दिवा लाल होता तो उपवासाचा हिरवा झाला. म्हणजे आज या मनगटाकडं कोणी लक्ष द्यायचं नव्हतं. ताटात राहिलेली भाकरी निवत होती.